पाणी गेले तरी ‘गेले नाही’ : फ्रंट लोड वॉशिंग मशीनच्या एका बिघाडाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्याच्या पश्चिम उपनगरातील एका सोसायटीतले आहे. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत आणि मशीनची कंपनी, तसेच दुरुस्तीसाठी आलेल्या माणसांची नावेही मुद्दाम दिलेली नाहीत. मी त्याच इमारतीत राहतो. एका रासायनिक कारखान्याच्या उपकरण विभागात नोकरी करून निवृत्त झालो असल्यामुळे शेजाऱ्यांच्या मोटारी, गीझर आणि मिक्सर अधूनमधून माझ्यापर्यंत येतात, तसे हे मशीनही आले.

घरात चार माणसे आहेत: नोकरी करणारे पती-पत्नी, शाळेत जाणारी मुलगी आणि पतीची आई, ज्यांना पुढे आजी म्हटले आहे. घर सातव्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर आहे. मशीन सात किलो क्षमतेचे, मिनिटाला कमाल १२०० फेरे घेणारे, साडेसहा वर्षे वापरलेले आणि हमीची मुदत केव्हाच संपलेले असे होते. ते स्वयंपाकघराला लागून असलेल्या ड्राय बाल्कनीत, चाके असलेल्या स्टँडवर ठेवले होते आणि त्याचा ड्रेन पाइप फरशीवरून जाऊन नहाणी ट्रॅपच्या जाळीत सोडला होता. झुरळे येऊ नयेत म्हणून जाळीभोवती फडके कोंबले होते. अशी मांडणी पुण्यात घरोघर दिसते आणि बहुतेक ठिकाणी ती वर्षानुवर्षे निमूटपणे चालते.

पाण्याची स्थिती समजून घेतल्याखेरीज हे प्रकरण उलगडत नाही. खडकवासल्याचे नळाचे पाणी मृदू असते. परंतु उन्हाळ्यापासून धरणे भरेपर्यंत सोसायटीच्या टाकीत टँकरचे आणि बोअरवेलचे पाणी मिसळले जाते. जूनअखेर थेंब मोजण्याच्या साध्या किटने मी टाकीतल्या पाण्याची कठीणता तपासली, तेव्हा ती लिटरला सुमारे ३४० मिलिग्रॅम भरली. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) स्वीकार्य मर्यादा २०० आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० आहे, म्हणजे पाणी पिण्यास अयोग्य नव्हते, पण कपडे धुण्याच्या दृष्टीने चांगलेच जड होते.

धुण्याच्या सवयी अशा होत्या. रंग जाईल या धास्तीने पाणी नेहमी थंडच ठेवले जाई. पावडर मापाने न घालता मुठीने घातली जाई, आणि मधली दोन वर्षे ती टॉप लोडसाठी असलेली, जास्त फेस करणारी होती, कारण मोठ्या पुड्यावर सवलत मिळत असे. सुगंधी कंडिशनर प्रत्येक खेपेला पडत असे. धुणे काढल्याबरोबर दार घट्ट लावले जाई.

अडचण

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे पाऊस लागल्यावर लगेचच, मशीन धुणे आणि खळबळणे पूर्ण करून पिळण्याच्या टप्प्यावर थांबू लागले. पडद्यावर ‘पाणी बाहेर गेले नाही’ या अर्थाचा संकेत येई, पंप काही मिनिटे गुणगुणत राही आणि दार उघडत नसे. उन्हाळ्यात असे झाले असते तर कपडे हाताने पिळून दोरीवर टाकता आले असते. पण पावसाळ्यात न पिळलेले धुणे घरात वाळत घालणे म्हणजे तीन दिवसांचा कुबट वास, आणि मुलीच्या शाळेच्या गणवेशाचे जोड दोनच होते. त्यामुळे कुटुंबाने शांतपणे विचार करण्याऐवजी जो मेकॅनिक त्याच दिवशी येईल त्याला बोलावले. मी त्यांच्या जागी असतो तर वेगळे वागलो असतो असे मला वाटत नाही.

पहिली दुरुस्ती

पहिल्या मेकॅनिकने खालच्या कोपऱ्यातले झाकण उघडून फिल्टर काढला. त्यात एक रुपयाचे नाणे, केसांची पिन आणि बोटभर जाडीचा करडा चिकटा निघाला. पुढे त्याने पंपाचा पंखा बोटाने फिरवून दाखवला. पंखा सलग न फिरता झटके देत, अडखळत फिरत होता. ‘हा बघा, जाम झालाय’ असे सांगून त्याने नवा पंप बसवला आणि भेटीच्या शुल्कासह २,३०० रुपये घेतले. आजींनी मात्र जुना पंप घरीच ठेवून घेतला. बदललेली वस्तू परत जाऊ द्यायची नाही, हा त्यांचा प्रेशर कुकरच्या शिट्टीपासूनचा शिरस्ता. या शिरस्त्याचा पुढे फार उपयोग झाला.

मशीन आठ दिवस उत्तम चालले. नवव्या दिवशी तोच संकेत पुन्हा आला. शिवाय आता एक नवीन लक्षण दिसू लागले: कधीकधी धुण्याच्या सुरुवातीलाच मशीन पाणी घेतच राही, तासभर पुढे सरकत नसे आणि शेवटी ‘पाणी येत नाही’ असे दाखवून थांबे. नळ तर पूर्ण उघडा असे.

दुसरे निदान

दुसऱ्या मेकॅनिकने लक्षणे नीट ऐकून घेतली आणि एक तर्क मांडला, जो ऐकायला अगदी योग्य होता. मशीन एकदा म्हणते पाणी जात नाही, एकदा म्हणते पाणी येत नाही; पंप नवा आहे आणि नळ चालू आहे; तेव्हा दोन्ही परस्परविरोधी गोष्टी सांगणारा भाग एकच, तो म्हणजे मुख्य पीसीबी, मशीनचे सगळे काम चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. बोर्डाची किंमत त्याने ९,८०० रुपये सांगितली, पण कोणतीही चाचणी केली नाही. बसवलेला बोर्ड परत घेतला जाणार नाही, हेही त्याने आधीच स्पष्ट केले, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही.

या तर्कातली उणीव मलाही लगेच दिसली नव्हती. सर्व लक्षणांना एकच कारण असेल असे त्यात गृहीत धरले होते. पहिले लक्षण दुरुस्तीच्या आधीचे आणि दुसरे दुरुस्तीच्या नंतरचे आहे, हा क्रम कोणी लिहून काढला नव्हता. म्हणून दोन वेगळे बिघाड एकमेकांवर पडले असतील ही शक्यता कोणाच्याच मनात आली नाही.

समोरचे पर्याय

कुटुंबासमोर त्या रविवारी तीन पर्याय होते. पहिला, ९,८०० रुपये घालून बोर्ड बदलायचा. तो चुकीचा ठरला तर पैसे गेलेच आणि मशीन तसेच. दुसरा, एक्स्चेंजमध्ये मशीन देऊन सुमारे तीस हजारांचे नवीन घ्यायचे. पतीचा कल याकडे होता, कारण साडेसहा वर्षांच्या यंत्रावर पैसे घालत बसणे त्यांना पटत नव्हते. तिसरा, काही दिवस इस्त्रीवाल्याच्या ओळखीने धुणे बाहेर देऊन मधल्या काळात नीट तपास करायचा. पत्नीने तिसरा पर्याय धरला. त्यांचे म्हणणे असे की कारण न कळता नवीन मशीन आणले, तर त्याच पाइपला, त्याच पाण्यावर आणि त्याच पावडरीवर तेही चालणार. हा मुद्दा बिनतोड होता आणि त्यानंतर मला बोलावणे आले.

मी गेलो तेव्हा आजींनी, बोर्ड आणि पंपाची चर्चा चाललेली असताना, मधेच एक वाक्य टाकले: “अहो भाऊ, मी इथे पोळ्या करत असते ना, पाणी नहाणीत गेल्याचं मला ऐकू येतं. मग ते गेलं नाही असं हे कशावरून म्हणतं?”

या प्रकरणातला खरा निर्णयाचा क्षण हाच होता. संकेत म्हणजे मशीनचे मत असते. ते एका सेन्सरच्या सांगण्यावर अवलंबून असते, आणि तो सेन्सर पाण्याला कधी स्पर्शसुद्धा करत नाही. कारखान्यात टाकी रिकामी असताना काट्याने ती भरलेली दाखवावी आणि शेवटी दोष काट्यात नसून त्याच्याकडे दाब नेणाऱ्या तुंबलेल्या नळीत निघावा, असे मी अनेकदा पाहिले होते. तरीही स्वयंपाकघरात उभे राहून मला ते आठवायला आजींचे वाक्य लागले.

पातळी कशी मोजली जाते

फ्रंट लोड मशीनच्या टबाच्या, म्हणजे ड्रमभोवतीच्या पाणी धरणाऱ्या भांड्याच्या, तळाशी एक छोटी पोकळ कुपी असते, जिला हवेचा कप्पा म्हणता येईल. टबात पाणी चढू लागले की कुपीतली हवा कोंडली जाते आणि दाबली जाते. हा दाब एका बारीक रबरी नळीतून वर, झाकणाखाली बसवलेल्या प्रेशर सेन्सरपर्यंत पोचतो. पाण्याची दहा सेंटीमीटर उंची म्हणजे जेमतेम एक किलोपास्कल दाब. एवढ्या नाजूक फरकावरून मशीनने पाणी किती आले आणि किती गेले हे ओळखायचे असते. कुपीच्या तोंडाशी चिकटा बसला तर दोन प्रकारचे घोटाळे होतात. दाब आत पोचलाच नाही तर मशीनला पाणी आल्याचे कळत नाही आणि ते जास्त पाणी घेते. दाब आत कोंडून राहिला तर पाणी निघून गेले तरी ते आहे असेच मशीन समजते. चिकटा मऊ असेल तर तो एखाद्या झडपेसारखा वागतो, आणि मग बिघाड एक दिवस येतो, दोन दिवस येत नाही.

केलेली तपासणी

तपासणीचा क्रम बाहेरून आत आणि फुकटापासून खर्चिकाकडे असा ठेवला. प्रत्येक टप्प्यावर काय दिसले तर काय समजायचे, हे आधी वहीत लिहिले.

पहिल्यांदा नळाच्या जोडणीतली बारीक जाळी पाहिली. एप्रिलमध्ये टँकरच्या गाळाने ती तुंबली होती आणि पतीने ती त्याच वेळी साफ केली होती, पण हे त्यांनी दोन्ही मेकॅनिकना सांगितले नव्हते. जाळी आता स्वच्छ होती. शेवटच्या मजल्यावर दाबाचाही प्रश्न असतो. गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याची पातळी नळाच्या वर साधारण चार मीटर होती, म्हणजे दाब सुमारे ०.४ बार, कित्येक उत्पादकांच्या पुस्तिकेत किमान दाब ०.३ ते १ बार यांच्या दरम्यान कुठेतरी असतो. नळी काढून बादलीत पाणी सोडले, तेव्हा मिनिटाला साडेसहा लिटर मिळाले. धार जोरदार नव्हती, पण पुरेशी होती.

दुसरी चाचणी पाणी बाहेर जाण्याची. थंड पाण्याचा, कपड्यांशिवायचा छोटा कार्यक्रम लावला आणि पाणी सोडण्याच्या वेळी ड्रेन पाइपचे टोक वीस लिटरच्या बादलीत धरले. सव्वा मिनिटात साडेअकरा लिटर पाणी आले आणि धार थांबली. ड्रमवर बॅटरीचा उजेड टाकून काचेतून पाहिले, तर आत पाणी नव्हते. पंप मात्र गुणगुणत राहिला आणि चार मिनिटांनी ‘पाणी गेले नाही’ हा संकेत आला. म्हणजे आजींचे कान बरोबर होते. पंप, फिल्टर आणि पाइप या तिघांनाही या एका चाचणीने मोकळे केले.

तिसरी चाचणी निर्णायक होती. प्लग काढला, दहा मिनिटे थांबलो, कारण इन्व्हर्टर बोर्डाच्या कपॅसिटरमध्ये वीज काही काळ साठून राहते, आणि मागचे दोन स्क्रू काढून वरचे झाकण सरकवले. सेन्सरवरची बारीक नळी हळूच उपटली, तेव्हा ‘फुस्स’ असा स्पष्ट आवाज झाला. टब रिकामा असताना नळीत दाब कोंडलेला असण्याचे काहीच कारण नव्हते. नळी पुन्हा बसवून प्लग लावला आणि फक्त पिळण्याचा कार्यक्रम दिला. ड्रम तत्काळ फिरू लागला. बोर्ड, मोटर आणि सेन्सर तिन्ही शाबूत असल्याचे इथेच ठरले.

चौथी चाचणी दुसऱ्या, म्हणजे ‘पाणी येत नाही’ या लक्षणासाठी होती. मशीन पाणी घेत असताना मी ड्रेन पाइपचे टोक नहाणीतून उचलून फरशीवर ठेवले. त्यातून पाणी सलग वाहत होते! पंप बंद असतानाही पाणी वाहू शकते, कारण पंप ही झडप नव्हे. पाण्याला त्यातून मोकळी वाट असते. पाणी टबातच राहावे म्हणून ड्रेन पाइपचा काही भाग टबातल्या पातळीपेक्षा उंच, साधारणपणे जमिनीपासून साठ सेंटीमीटर ते एक मीटरवर, अडकवलेला असावा लागतो. या मशीनच्या पाठीवर त्यासाठी एक क्लिप होती आणि ती रिकामी होती. पंप बदलताना पहिल्या मेकॅनिकने पाइप काढला आणि परत अडकवला नाही. त्यामुळे वरून येणारे पाणी खालून निघून जात होते आणि मशीन पातळीची वाट पाहत बसत होते. दुसरे लक्षण असे दुरुस्तीनेच जन्माला घातले होते.

सरतेशेवटी आजींनी जपून ठेवलेला जुना पंप तपासला. त्याच्या गुंडाळीचा रोध मल्टिमीटरवर १६८ ओहम आला, जो या प्रकारच्या पंपासाठी साधारण योग्य असतो. पंखा अडखळत फिरत होता हे खरे. पण या पंपाच्या रोटरमध्ये कायमचे चुंबक असते, त्यामुळे बोटाने फिरवताना तो झटके देणारच. नवा पंपही तसेच झटके देतो. जे लक्षण बिघाडाचा पुरावा म्हणून दाखवले गेले, तो त्या वस्तूचा स्वभाव होता. मेकॅनिकने फसवले असे मी म्हणणार नाही. नाणे आणि चिकटा निघालेल्या फिल्टरमागचा पंप संशयास्पद वाटणे साहजिक आहे. आठ दिवस मशीन चालले तेही बहुधा पंपामुळे नव्हे. पंप काढण्यासाठी मशीन मागे कलते केले होते, त्यात कुपीतला चिकटा तात्पुरता सरकला असावा.

केलेली दुरुस्ती

मागचे पत्र्याचे झाकण काढल्यावर कुपीपर्यंत हात पोचला. क्लॅम्प सैल करून ती बाहेर काढली, तर तिचे तोंड करड्या, साबणाच्या लगद्यासारख्या पदार्थाने जवळजवळ बंद झाले होते. कोमट पाणी आणि बाटली घासायचा ब्रश एवढ्यावर ती स्वच्छ झाली. नळी सेन्सरपासून मोकळी करून मगच फुंकली. सेन्सर जोडलेला असताना त्यात जोराने फुंकणे म्हणजे त्याचा पडदा खराब करण्याची हमी. परत बसवताना सांधे हवाबंद आहेत ना, हे दोनदा पाहिले, कारण तिथे बारीकशी गळती राहिली तर मशीन पाणी कमी समजून जास्त भरून घेते.

ड्रेन पाइप पाठीमागच्या क्लिपमध्ये अडकवला. नहाणीतले फडके काढले आणि पाइपचे टोक जाळीच्या वर थोडे मोकळे राहील असे बांधले, म्हणजे तुंबलेल्या नहाणीतले घाण पाणी उलटे ओढले जाणार नाही. झुरळांसाठी बारीक छिद्रांची जाळी आणली.

हा चिकटा आला कुठून, याचे उत्तर सवयींच्या यादीत होते. कठीण पाण्यातले कॅल्शियम साबणाशी मिळून न विरघळणारा साका तयार करते. कंडिशनरमधले घटक धनभारित आणि पावडरीतले ऋणभारित असतात. दोन्ही जास्त झाले आणि नीट खळबळले गेले नाहीत, तर एकत्र येऊन चिकट बनतात. थंड पाण्यात यातले काहीच सुटत नाही, आणि कपड्यातला मेणचटपणा त्यावर थर चढवत जातो. दाराच्या रबराच्या घडीतली काळी बुरशी आणि घरच्यांनी ‘मशीनचा वास’ म्हणून सोडून दिलेला वास ही त्याचीच बाहेरून दिसणारी खूण होती.

इथे एक पेच आहे. मेणचट चिकट्यावर उपाय म्हणजे गरम पाणी, पण कठीण पाणी साठ अंशांच्या वर तापवले की त्यातले बायकार्बोनेट फुटून हीटरवर पांढरा थर जमतो. त्यामुळे सगळे धुणे गरम पाण्यात धुवा, असा सल्ला टँकरच्या पाण्यावर देता येत नाही. तडजोड अशी ठरली: रोजचे कपडे थंड किंवा तीस अंशांवर, चादरी, टॉवेल आणि पांढरे कपडे आठवड्यातून एकदा साठ अंशांवर, आणि दर तीन महिन्यांनी रिकाम्या मशीनमध्ये, किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व शंभर ग्रॅम घालून साठ अंशांचा एक फेरा. त्या फेऱ्यात किंवा त्याला लागून ब्लीच चुकूनही घालायचे नाही, हे आजींनाही बजावून सांगितले, कारण आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद ड्राय बाल्कनीत तो जीवघेणा ठरू शकतो. पावडर फ्रंट लोडची आणि मापाने, कंडिशनर फक्त टॉवेलना, आणि धुणे काढल्यावर दार चार बोटे उघडे, एवढे बदल पत्नीने कागदावर लिहून मशीनच्या बाजूला चिकटवले.

दुरुस्तीनंतर उरलेली तक्रार

पातळीचा प्रश्न सुटला, तरी तिसऱ्या दिवशी मशीन पुन्हा पिळायला नकार देऊ लागले, आणि क्षणभर माझेही धाबे दणाणले. या वेळी संकेत मात्र नव्हता. ड्रम हळू फिरून, थांबून, उलट फिरून पुन्हा प्रयत्न करत होता. आत एकच जाड सोलापुरी चादर होती. ती पाणी पिऊन एका बाजूला गोळा झाली होती. ड्रमची त्रिज्या २४ सेंटीमीटर धरली, तर १२०० फेऱ्यांना कडेवरच्या वस्तूवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३८५ पट जोर येतो. एका बाजूला फक्त अर्धा किलो जास्त असला, तरी जवळजवळ १९० किलो वजनाइतका ओढा प्रत्येक फेऱ्याला दिशा बदलत टबावर बसतो. मशीन तो ओढा मोटरच्या गतीतल्या चढउतारावरून आधीच ओळखते आणि वेग वाढवत नाही. चादरीबरोबर तीन-चार टॉवेल घातले, की वजन विभागले जाते आणि पिळणे सुरळीत होते.

त्याच वेळी स्टँड तपासला. चाके ‘लॉक’ केलेली असली तरी स्टँड डोलत होता आणि मशीन मागच्या उजव्या कोपऱ्यात झुकलेले होते. स्टँड काढून टाकावा असे माझे मत होते; परंतु पावसात त्या बाल्कनीत दोन बोटे पाणी साचते, म्हणून तो ठेवावा लागला. स्टँडचे स्क्रूचे पाय खाली घेऊन चाके जमिनीपासून उचलली आणि लेव्हल बाटलीने दोन्ही दिशांनी सपाटी साधली.

निष्पत्ती

प्रत्यक्ष बिघाड दूर करण्याचा खर्च जाळी, क्लॅम्प आणि लिंबूसत्त्व मिळून २१० रुपये झाला. पंपाचे २,३०० रुपये वाया गेले. बोर्डाचे ९,८०० वाचले. जुलै आणि ऑगस्टमध्ये मशीन आठवड्याला पाच खेपा विनातक्रार चालले.

राखीपौर्णिमेनंतरच्या आठवड्यात ‘पाणी गेले नाही’ हा संकेत एकदा परत आला. या वेळी कुटुंबाने मला हाक मारली नाही. पत्नीने आधी काचेतून पाहिले, आत खरोखरच पाणी होते. म्हणून त्यांनी प्लग काढला, फिल्टरशेजारच्या बारीक नळीने पाणी परातीत सोडले आणि फिल्टर उघडला. पंपाच्या तोंडाशी राखीचा मणी आणि दोऱ्याचा गुंता अडकला होता. सगळे मिळून पंधरा मिनिटे लागली. तोच संकेत, पण पाणी खरेच आहे की नाही हे आधी पाहिल्यामुळे वाट वेगळी निघाली.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या दिवशी मेकॅनिकला बोलावण्याआधी फिल्टर उघडून पाहणे घरच्यांना शक्य होते. तेव्हा नाणे निघाले असते, आणि नाणे काढूनही संकेत येतो आहे हे कळले असते, तर पंपावरचा संशय तिथेच कमी झाला असता. पंप बदलण्याआधी बादलीची चाचणी मेकॅनिककडे मागायला हवी होती. तिला दोन मिनिटे लागतात आणि कोणत्याही प्रामाणिक माणसाची तिला हरकत नसते. तारीखवार लक्षणांची नोंद असती, तर ‘पाणी येत नाही’ ही तक्रार पंप बदलल्यानंतरच सुरू झाली हे दुसऱ्या मेकॅनिकलाही दिसले असते, आणि मला वाटते त्याने बोर्डाचे नाव इतक्या लवकर घेतले नसते.

माझ्याही चुका झाल्या. पाइप अडकवणे आणि कुपी साफ करणे ही दोन्ही कामे मी एकाच दुपारी केली, त्यामुळे कोणत्या दुरुस्तीने काय सुधारले हे पक्के सांगता येईना. शेवटी दुसऱ्या दिवशी पाइप मुद्दाम खाली टाकून, नंतर परत वर अडकवून, दोन रिकामे फेरे चालवावे लागले, म्हणजे तेवढे पाणी आणि वेळ फुकट. दुसरी चूक जास्त गंभीर होती. कुपी काढण्यासाठी मागचे झाकण उघडले होते, तेव्हा बेअरिंग पाहण्याची आयती संधी होती, आणि ती मी घाईत घालवली.

ते बेअरिंग सप्टेंबरमध्ये लक्षात आले. रिकामा ड्रम हाताने फिरवला की आता मागून बारीक घरघर ऐकू येते, आणि ड्रमची पुढची कड वर उचलली तर किंचित हलते. मागचे रबरी सील झिजून बेअरिंगपर्यंत पाणी पोचू लागले असावे. या मॉडेलचा प्लास्टिकचा टब दोन भाग वितळवून जोडलेला आहे, स्क्रूचा नाही. त्यामुळे बेअरिंग बदलायचे तर अख्खा टब घ्यावा लागतो आणि त्याचा खर्च मजुरीसह बोर्डाच्या किमतीपेक्षा जास्त सांगितला गेला आहे. पतीचे एक्स्चेंजचे म्हणणे इथे पुन्हा जिवंत झाले आहे, आणि या वेळी त्यात तथ्य आहे. सध्या पिळण्याचा वेग ८०० वर ठेवला आहे, मागच्या बाजूला तांबूस ओघळ किंवा फरशीवर पाणी दिसले तर मशीन त्याच क्षणी बंद करायचे ठरले आहे, आणि निर्णय दिवाळीपर्यंत लांबवला आहे. जुना पंप आजींनी पिशवीत बांधून माळ्यावर ठेवला आहे.